दोन हिरवे ठिपके, एक लाल

मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन करावं लागणार हे कळलं तेव्हा आमच्या डोक्यात पैसे, रक्तदाते आणि तारीख एवढंच होतं. त्यात हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "सर्जनना दाखवायच्या आधी जनुकांची तपासणी करून या." घरात सगळ्यांचा एकच सूर. भोक बुजवायचंय ना, मग ही आणखी तपासणी कशाला? ती कशाला करायची, तिच्यात काय दिसतं, काय दिसत नाही आणि तिच्यामुळे पुढचं सगळं कसं बदललं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी कराडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन, हे फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत आलेय. पण एखाद्या जनुकानं किती काम करायचं, कधी करायचं, कुठल्या पेशीत करायचं, हे कसं ठरतं, ते मला खरं कळलं जेनेटिक ओपीडीच्या बाकावर बसून.

जन्मल्यावर काही दिवसांतच बाळाचे हातपाय थरथरायला लागले, मग झटके आले. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं होतं. सलाइनमधून कॅल्शियम दिलं, झटके थांबले, घरी सोडताना कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचे थेंब दिले आणि "होतं काही बाळांना असं" म्हणून तो विषय संपला. पुढे दीड महिन्याच्या लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला लावलेला स्टेथोस्कोप बराच वेळ उचललाच नाही. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला. आकडा नव्वदच्या खाली. त्याच आठवड्यात टू-डी इको झाला आणि कागदावर नाव आलं, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकाच्या वर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड. अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाताच अंगभर फिरतं, म्हणून रडताना ओठ निळे पडायचे. आम्ही ते थंडीमुळे समजत होतो. फ्रान्समधल्या एत्येन-लुई आर्थर फॅलो या डॉक्टरांनी १८८८ साली या चार गोष्टी एकत्र मांडल्या, म्हणून त्यांचं नाव.

इकोच्या कागदावर आणखी एक ओळ होती: महाधमनीची कमान उजवीकडे. ती एरवी डावीकडे वळते. हृदयरोगतज्ज्ञांनी ती ओळ वाचली, छातीचा एक्स-रे दिव्यावर लावला आणि विचारलं, "जन्मल्यावर झटके आले होते का?" मी कॅल्शियमचं सांगितलं. ते म्हणाले, "उजवी कमान, कॅल्शियमचे झटके, आणि इथं बघा, थायमसची सावली दिसायला हवी ती जवळजवळ नाहीच. ही तिन्ही एकाच घरची आहेत. बावीसची टेस्ट करू या."

एकाच घरची म्हणजे काय, ते मी त्या रात्री वाचून काढलं. कॅल्शियमवर लक्ष ठेवणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार करणारी थायमस ग्रंथी आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, ही सगळी मंडळी गर्भात घशाच्या आसपासच्या एकाच भागातून घडतात, आणि तीही पहिल्या दोन महिन्यांत. तिथं बिघडलं की तिन्हीकडे दिसतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर अँजेलो डिजॉर्ज यांनी १९६५ साली थायमस आणि पॅराथायरॉइड दोन्ही नसलेल्या मुलांकडे लक्ष वेधलं. १९७८ साली रॉबर्ट श्प्रिंट्झन यांनी टाळू, हृदय आणि चेहरेपट्टी यांचा मेळ वेगळ्या नावानं मांडला. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट आहे, बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असणं, हे पुढे कळलं. आता डॉक्टर त्याला २२क्यू११.२ डिलीशन म्हणतात. जन्मणाऱ्या दोन ते चार हजार मुलांत एकाला ते असतं, आणि फॅलोच्या शंभर मुलांत साधारण पंधरांना. म्हणून तर विचारायचं.

पुण्यात जेनेटिक ओपीडीला आम्ही चौघं गेलो. मी, नवरा, बाळ आणि सासूबाई. काउन्सेलर मॅडमनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याच्यासाठी आलो त्याच्या चौकोनाला बाण. तीन पिढ्या काढल्या. कुणाचं मूल लहानपणी गेलं, कुणाला फिट्स, कुणाची टाळू फाटलेली, शाळेत कोण मागं राहिलं, कुणाला मनाचा आजार, नात्यात लग्न झालंय का. लग्नाच्या बैठकीत दोन्ही घरं जे झाकतात, ते सगळं तिथं विचारतात. सासूबाईंनी मध्येच सांगून टाकलं, "हिनं ग्रहणात भाजी चिरली होती. मी तवाच बोलले होते." माझ्या घशात आवंढा आला. हे वाक्य मी तोवर घरी, शेजारी, बारशाला, सगळीकडे ऐकलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलाचं सांगा बरं. लहानपणी दूध कसं प्यायचा हा?"

"ह्याचं दूध नाकातनं यायचं," सासूबाई म्हणाल्या. "वाटी-चमच्यानं पाजला किती तरी महिने. बोलायला पण उशिरा लागला. मग कुणीतरी नाकामागच्या गाठी काढायला सांगितल्या, त्या काढल्या, तर आवाज आणखीनच नाकात गेला."

मॅडमची पेन्सिल थांबली. त्यांनी नवऱ्याला म्हणायला लावलं, "पप्पा पपई कापतात." त्यानं म्हटलं. त्याचा 'प' ओठांवर फुटत नाही, हवा नाकातून निसटते आणि तो 'म'कडे झुकतो. लग्नाआधीपासून मी तो आवाज ऐकत आलेय, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तो निदानासाठी ऐकला. मग त्यांनी त्याचे हात बघितले, लांबसडक निमुळती बोटं. "ताप आला की हाताला गोळे येतात?" येतात. बोटं आखडून चोचीसारखी जवळ येतात आणि मीच ती चोळून सरळ करते. "गणित?" तो म्हणाला, "गणितात दोनदा राहिलो. आता नर्सरीचा हिशेब ही बघते." तो रोपवाटिका चालवतो, कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. मॅडमनी त्याच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात बारीक रेघा ओढल्या आणि तिघांचंही रक्त घ्यायला सांगितलं.

बाळाच्या रक्ताच्या दोन नळ्या भरल्या. हिरव्या टोपणाची फिश टेस्टसाठी, कारण तिच्यातल्या पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात. जांभळ्या टोपणाची मायक्रोअ‍ॅरेसाठी, तिच्यातून नुसता डीएनए काढतात. फिशमध्ये पेशी काही दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन वेळी थांबवतात, काचपट्टीवर पसरतात आणि चमकणारे रेणू त्या ठरावीक तुकड्याला जाऊन चिकटतात का ते बघतात. ऑपरेशनचे पैसे योजनेतून उभे राहिले, या तपासणीचे मात्र आमचे आम्हालाच भरावे लागले. ज्यांना हे करायचंय त्यांनी ते आधीच धरून चालावं.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो समोर ठेवला. काळ्या पार्श्वभूमीवर निळी केंद्रकं. प्रत्येकात दोन हिरवे ठिपके, म्हणजे बाविसावी दोन्ही गुणसूत्रं जागेवर आहेत. लाल ठिपका म्हणजे तो ठरावीक तुकडा, तोही दोनदा दिसायला हवा होता. प्रत्येक पेशीत तो एकच होता. मी दुसऱ्या केंद्रकात शोधला, तिसऱ्यात शोधला. मॅडमनी मला शोधू दिलं. मायक्रोअ‍ॅरेनं गळालेल्या भागाची लांबी सांगितली, जवळपास तीस लाख अक्षरं. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटी अक्षरं असतात, त्या मानानं काहीच नाही. पण त्या तुकड्यात प्रथिनं बनवणारी चाळीसहून अधिक जनुकं बसतात.

"असं का झालं?" हा प्रश्न सासूबाईंनीच विचारला, आणि मॅडमनी उत्तर त्यांच्याकडे बघून दिलं. बाविसाव्या गुणसूत्राच्या त्या जागी जवळजवळ हुबेहूब दिसणारे मोठे तुकडे थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक माणसात येतात, ती मांडणीच तशी आहे. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं शेजारी येऊन आपापसांत भागांची अदलाबदल करतात. त्या वेळी एक तुकडा आपल्या खऱ्या जोडीदाराऐवजी पुढच्या सारख्याच दिसणाऱ्या तुकड्याशी जुळला, की मधला भाग गळतो. म्हणून जगभर बहुतेकांचा हाच भाग, एवढाच गळतो. "आजी, हे बाळ पोटात राहायच्या आधीच ठरतं. मग ग्रहण असो, सुरी असो की पपई असो, त्यानं ही तीस लाख अक्षरं गळत नाहीत." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण तो विषय त्यांच्या तोंडून पुन्हा मी ऐकलेला नाही.

शंभरातल्या नव्वद मुलांत आईवडील दोघंही निर्दोष निघतात. आमच्याकडे तसं झालं नाही. माझ्या पेशींत लाल ठिपके दोन होते. नवऱ्याच्या पेशींत एक.

तो बराच वेळ कागद धरून बसला. मग म्हणाला, "माझं हृदय मग बरं कसं?" त्याचाही इको झाला. झडपा, पडदे, कमान, सगळं ठीक. कॅल्शियम कमी, पॅराथायरॉइडचं संप्रेरक कमी, एवढंच. बापाचा तोच तुकडा जसाच्या तसा मुलाकडे आला होता. एकाला नाकातला आवाज आणि गोळे, दुसऱ्याला निळे ओठ आणि ओपन हार्ट. हा एक प्रश्न घेऊन मी पुढे कितीतरी वाचलं आणि मॅडमना पुन्हा पुन्हा छळलं. त्यांनी कधी घाई केली नाही.

त्या तुकड्यात टीबीएक्स१ नावाचं एक जनुक असतं. २००१ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांवर काम करून दाखवलं, की डिजॉर्जमधल्या हृदयाच्या दोषांत मोठा वाटा याचाच. टीबीएक्स१ पासून जे प्रथिन बनतं ते हृदयाची भिंत वगैरे काही बांधत नाही. ते डीएनएवर जाऊन बसतं आणि दुसऱ्या जनुकांचं काम वाढवतं नाहीतर थोपवतं. एक प्रत गळाली की ते प्रथिन निम्मं होतं. आपल्या कित्येक जनुकांचं अर्ध्या मात्रेवर बिनबोभाट भागतं, पण असं नियंत्रण करणाऱ्यांचं सहसा भागत नाही. कारण मात्रा हाच त्यांच्या कामाचा गाभा. एवढ्या मात्रेला ही पेशी वाढेल, एवढ्याला ती सरकेल, असं गणित असतं, आणि ते तिसऱ्या आठवड्यापासून पुढे थोड्याच आठवड्यांत सुटावं लागतं. त्या काळात पेशींना अर्धी मात्रा पुरते की नाही, हे उरलेली प्रत किती जोमानं काम करते, तिच्या मागेपुढे असलेले नियंत्रक भाग कसे आहेत, बाकीच्या गुणसूत्रांवर काय आहे, आणि थोडं नशीब, यांवर ठरतं. एकाच वाणाच्या, सारखीच जनुकं असलेल्या उंदरांतसुद्धा काहींच्या रक्तवाहिन्या गर्भात मागे पडतात आणि नंतर वाढ भरून काढतात, काहींच्या नाही काढत. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की तुझं भरून निघालं, त्याचं नाही निघालं. त्याला ते पटलं, कारण कलमांचा त्याला अनुभव आहे.

हे नियंत्रक भाग मला अवघड गेले. मी जे शिकवते त्यात जनुक आणि त्याच्या लगतचा प्रमोटर, म्हणजे जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं तो भाग, एवढंच येतं. पण माणसाच्या डीएनएतला प्रथिनांचा मजकूर दोन टक्क्यांहूनही कमी. उरलेल्यात एन्हान्सर नावाचे तुकडे विखुरलेले असतात, आणि ते ज्या जनुकाला चालवतात त्याच्यापासून हजारो, कधी लाखो अक्षरं लांब असतात. इतक्या लांबून ते काम कसं करतात? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात मावतो, म्हणजे घड्या आल्याच. पैठणीची घडी घातली की पदराजवळचा मोर आणि पार दुसऱ्या टोकाची बुट्टी एकमेकांना टेकतात, उलगडून बघितलं तर त्यांच्यात सहा वार अंतर. पेशीत घड्या ठरावीक जागीच पडतात, त्यासाठी वेगळी प्रथिनं असतात, आणि हृदयाच्या पेशीतल्या काही घड्या यकृताच्या पेशीतल्या घड्यांपेक्षा वेगळ्या असतात. मधला मोठा तुकडा गळाला तर जनुकं जातातच, शेजाऱ्यांच्या घड्याही सरकू शकतात. बावीसच्या रुग्णांच्या पेशींमध्ये अशा बदललेल्या घड्या संशोधकांनी मोजल्याही आहेत. त्यातला कुठला बदल कुठल्या लक्षणाला कारण, याचा हिशेब अजून चालू आहे.

याच ओपीडीत चिपळूणकडची एक बाई भेटायची. तिच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्याला भोक, बाकी काही नाही. आमच्यासारख्याच तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट नॉर्मल आला. ती मला म्हणाली, "ताई, नॉर्मल आला म्हणजे दोष माझाच ना? माझ्या खाण्यापिण्यातलाच?" मी तिला मॅडमकडे पुन्हा आत नेलं. मॅडमनी सांगितलं, की मायक्रोअ‍ॅरेला मोठा तुकडा गेलेला किंवा वाढलेला दिसतो, त्याच्या आतलं एखादं अक्षर बदललेलं दिसत नाही. जनुकांचा मजकूर वाचणारी पुढची तपासणी केली तरी तिला बहुतेक प्रथिनांचाच भाग दिसतो, एन्हान्सर दिसत नाहीत. त्यांनी टीबीएक्स५चं उदाहरण दिलं. ते जनुक स्वतः बिघडलं तर हृदय आणि हात दोन्हीकडे दोष येतो, अंगठे नीट होत नाहीत. पण २०१२ साली शास्त्रज्ञांना हृदयाच्या पडद्याला भोक असलेला एक रुग्ण सापडला, त्याचं जनुक शाबूत होतं. जनुकापासून नव्वद हजार अक्षरं पुढे असलेल्या एका एन्हान्सरमधलं एकच अक्षर दोन्ही प्रतींत बदललेलं होतं. तो एन्हान्सर फक्त हृदयात काम करतो. म्हणून हात चांगले, हृदयाला भोक. अक्षर इतकं लांब होतं की नेहमीच्या तपासणीत ते कुणी वाचलंच नसतं. ती बाई हे ऐकून रडली. तिला कुणीतरी असं समजावून सांगण्याचीच गरज होती, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या एका कामाबद्दल मी नंतर बारावीच्या वर्गातही बोलले. २०१३ साली अमेरिकेत हृदयाचे गंभीर जन्मदोष असलेली ३६२ मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या जनुकांचा मजकूर वाचला गेला. आईवडिलांत नसलेले, मुलात नव्यानं आलेले बदल शोधले. ते बदल ज्या जनुकांत गर्दी करून होते, त्यांत हिस्टोनवर खुणा करणारी बरीच निघाली. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं. त्यांच्यावरच्या खुणांवरून ठरतं, इथली गुंडाळी सैल ठेवायची आणि जनुक चालू द्यायचं, की आवळून बंद ठेवायचं. हृदयाचा नकाशा शाबूत असूनही तो वेळेवर उघडला नाही तर हृदय चुकतं. शंभरात जवळजवळ एका मुलाला हृदयाचा जन्मदोष असतो आणि त्यांतल्या मोठ्या भागाचं कारण घरच्यांना कधीच कळत नाही. त्या न कळण्यातला काही भाग इथं दडलेला आहे.

आता ऑपरेशनकडे येते, कारण तपासणीचा खरा उपयोग तिथं झाला. रिपोर्टची प्रत घेऊन गेलो तेव्हा सर्जननी तीन गोष्टी बदलल्या. पहिली रक्ताची. थायमस लहान म्हणजे टी-पेशी कमी असण्याची शक्यता, आणि मग दात्याच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीरावरच उलटू शकतात. म्हणून रक्त किरणोत्सर्गातून काढलेलं हवं. ते यंत्र सगळ्या रक्तपेढ्यांकडे नसतं. माझ्या भावानं आणि दिरानं फोन करकरून ते असलेली रक्तपेढी शोधली आणि ऑपरेशनच्या दिवसाशी वेळ जुळवली. दुसरी कॅल्शियमची. साठवलेलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. भरपूर रक्त चढवताना साध्या मुलाचंही कॅल्शियम उतरतं, मग आमच्या बाळाचं तर ठेवलेलंच. भूलतज्ज्ञांनी ते ऑपरेशनभर पुन्हा पुन्हा मोजलं आणि देत राहिले. तिसरी लसींची. टी-पेशी मोजून होईपर्यंत जिवंत जंतूंच्या लसी थांबवल्या. बीसीजी जन्मतःच दिली होती, त्यातून काही उलटलं नाही. मोजणीत पेशी कमी आल्या, पण चालण्याइतक्या. गोवर-रुबेलाची लस मग वेळेवर मिळाली.

ऑपरेशन मुंबईला झालं. भोकाला ठिगळ लावलं, फुप्फुसाची वाट रुंद केली. अतिदक्षता विभागातल्या दिवसांबद्दल इतर आयांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. बाहेर आणलं तेव्हा त्याच्या पायाची नखं गुलाबी होती. मी ती एकेक करून बघितली.

आता तो बालवाडीत जातो. दूध नाकातून यायचं बापासारखंच, त्यामुळे टाळूकडे आमचं लक्ष आधीपासून होतं. वाचा-उपचार सुरू आहेत. 'प' आणि 'क' म्हणताना नाकासमोर आरसा धरायचा, त्यावर वाफ आली तर हवा निसटतेय. हा खेळ बापलेक दोघं खेळतात. मध्ये सर्दीनं बेजार झाला तेव्हा एका ठिकाणी नाकामागच्या गाठी काढायचं सुचवलं गेलं. मी रिपोर्ट दाखवला आणि नाही म्हटलं. टाळू आखूड किंवा कमजोर असली की त्या गाठी टाळूला टेकण्यापुरती जागा भरून ठेवतात, त्या काढल्या की आवाज आणखी नाकात जातो. नवऱ्याच्या लहानपणी हे सांगणारं कुणी नव्हतं. वर्षातून एकदा कॅल्शियम, थायरॉइड, प्लेटलेट आणि इको. पुढे शाळेत गणिताला वेगळी मदत लागेल, तरुणपणी मनाच्या आजाराची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, हेही आम्हाला सांगितलंय. दोघांनी बसून ऐकलंय. नवऱ्याचेही कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व सुरू झाले आणि आता तापात त्याची बोटं आखडत नाहीत.

"यावर औषध निघालंय म्हणे" असे मेसेज नातेवाईक पाठवतात. बातमीच्या मागे खरं काम आहे. इटलीत नेपल्सच्या एका गटानं २०१६ साली टीबीएक्स१ची एक प्रत नसलेल्या उंदरांच्या गर्भांवर प्रयोग केला. हिस्टोनवरच्या खुणा पुसणाऱ्या प्रथिनाला ट्रॅनिलसायप्रोमिन या नैराश्यावरच्या औषधानं अडवलं, आणि पिल्लांमधले हृदयाचे दोष कमी झाले. नियंत्रण बदलता येतं हे त्यातून कळतं आणि मला त्याचा आनंद आहे. पण ते उंदरांत, गर्भावस्थेत झालंय. गरोदर बाईनं असलं काही घेणं म्हणजे जिवाशी खेळ. जन्मलेल्या मुलाचं हृदय त्यानं दुरुस्त होत नाही. मी प्रत्येकाला हे परत लिहून पाठवते, चिडून नाही, कारण ते मायेपोटीच पाठवतात.

दुसऱ्या मुलाचा विषय मी काढला. बापाकडे आहे म्हटल्यावर दर वेळी शक्यता निम्मी. मॅडमनी सगळे पर्याय सांगितले होते आणि कुठलाच ढकलला नव्हता. मी रात्री ते नवऱ्यापुढे मांडत होते. गर्भजलाची तपासणी, तिचा काळ, कायद्यानं काय करता येतं. तो म्हणाला, "पोटात सापडलं तर काय करायचं ते ठरवू. पण आधी मला सांग, मी झालो नसतो तर बरं झालं असतं का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला उत्तर हवं होतं. मी दिलं, आणि त्यानंतर आमचं ठरलं. तपासणी करायची ती तयारीसाठी. ज्यांनी वेगळं ठरवलं अशी दोन जोडपी मला माहीत आहेत, त्यांनी किती सोसून ते ठरवलं तेही माहीत आहे.

सोळावा आठवडा उलटल्यावर गर्भजल काढलं. त्याआधी मुलगा की मुलगी हे विचारणार नाही, सांगितलं जाणार नाही, असं सही करून दिलं. फिकट पिवळं पाणी, दोन सिरिंज. रिपोर्ट यायचा आहे, फीटल इकोची, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या इकोची, तारीख मिळाली आहे. लाल ठिपका एकच निघाला तर बाळंतपण मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात करायचं, जन्मल्याबरोबर कॅल्शियम बघायचं, टी-पेशी मोजेपर्यंत बीसीजी थांबवायची, रक्त लागलंच तर किरणोत्सर्गातलं. ही यादी सासूबाईंनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आणि मुंबईच्या नणंदेला फोनवर वाचून दाखवली. नणंदेनं परवा स्वतःचं रक्त तपासायला दिलं.